नियॉन बोर्डाचे दोन ट्रान्सफॉर्मर जोडून टेस्ला कॉइल (हवेत विजेसारख्या लांब ठिणग्या पाडणारं यंत्र) चालवायची आहे. सिरीज करू की पॅरलल?

पॅरलल. सिरीजचं नावसुद्धा काढू नका. त्या सिरीजपायी आमच्या मालवणच्या घरात एक धडधाकट ट्रान्सफॉर्मर गेला आणि १५ वर्षं बोलणी मात्र मी खातोय.

बंद पडलेल्या एका लॉजच्या बोर्डाचे दोन ट्रान्सफॉर्मर मला भंगारात मिळाले होते. १५ केव्ही म्हणजे पंधरा हजार व्होल्ट, ३० मिलिअँप, आत डांबर ओतलेले. चवथीला गणपतीच्या मागे खरी वीज पाडायची, हे आमच्या दादांच्या डोक्यातलं. दादा म्हणजे मावसभाऊ, धंद्याने वायरमन. मी म्हटलं, पॅरलल करू, ६० मिलिअँप मिळतील. तर म्हणे, "सिरीज कर, तीस हजार होतले. माका शिकवू नको."

आता, या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा (हाय व्होल्टेजच्या वेटोळ्याचा) मध्य आतूनच बॉडीला जोडलेला असतो. दोन्ही बॉडी अर्थ ठेवून सिरीज केली तर मधली जोडलेली टोकं अर्थमधूनच शॉर्ट होतात, बाहेर पुन्हा १५ केव्हीच. झालंही तसंच. मग दादांनी काय करावं? अर्थ काढून टाकली! म्हणजे दोन्ही लोखंडी बॉडी साडेसात हजारांवर लटकलेल्या, आणि प्रायमरीचं (घरची वीज जाते त्या वेटोळ्याचं) इन्सुलेशन २३० व्होल्टच्या हिशोबाचं. पाचेक सेकंद गुरगुरला, मग फाट्कन आवाज, डांबराचा वास आणि घरभर काळोख. ओटीवर भजनी मंडळी बसली होती. बुवांनी अभंग काही सोडला नाही, काळोखातच पुढे रेटला.

दादांचा निकाल: "खारो वारो लागलो." खारो वारो!

तुमचं म्हणाल तर दोन्ही एकाच व्होल्टेजचे घ्या, बॉडी एकत्र अर्थ करा आणि जोडण्याआधी फेज तपासा, म्हणजे दोघांचं व्होल्टेज एकदमच चढतं-उतरतं का ते. लांब कोरड्या इन्सुलेटेड काठीने दोघांची एकेक टोकं जवळ आणायची. ठिणगी पडली तर एकाच्या प्रायमरीच्या वायरी उलट करा. कॉइलसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचे अमेरिकन तक्ते उचलू नका, ते ६० हर्ट्झचे. आपल्याकडे ५० हर्ट्झला असल्या जोडीचा रेझोनन्स (कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून झोक्यासारखं व्होल्टेज चढवत नेतात ती स्थिती) १२.७ नॅनोफॅरडला येतो. साध्या स्पार्क गॅपला (ठिणगी उडते त्या फटीला) त्याच्या दीडपट घ्या, नाहीतर ट्रान्सफॉर्मर स्वतःच्याच व्होल्टेजने मरतो. कॉइलची अर्थ घराच्या अर्थला जोडू नका, वेगळी ठोका. जांभ्यात ती चांगली लागणं कठीणच, विहिरीजवळची ओली जागा बघा.

नवे इलेक्ट्रॉनिक नियॉन ट्रान्सफॉर्मर असतील तर वरचं सगळं विसरा, ते या कामाचे नाहीत. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर तर नकोच. दोनेक हजार व्होल्ट आणि अर्ध्या अँपच्या वर, एक चूक म्हणजे माणूस गेला. आणि हो, स्विच बंद केला तरी कपॅसिटर भरलेला असतो.

खाऱ्या हवेने टर्मिनलवरून चरचरतं हे खरं, पावसात जास्तच. पण आमचा जळला तो आतून. मी डांबर खरवडून बघितलं, प्रायमरीपाशी काळं भोक होतं. यंदा चवथीला दादा आले की हे उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे, भजनी मंडळींसमोर.