दुबईला नोकरीसाठी जाताना गोल्फ शिकावा का?

आपला प्रश्न असा आहे : पुण्यातील नोकरी सोडून आपण दुबईतील एका बांधकाम सल्लागार कंपनीत रुजू होत आहात, पत्नी आणि शाळकरी मुलगी बरोबर येणार आहेत, आणि भावी सहकाऱ्यांनी सांगितले आहे की तेथे माणसे जोडायची तर गोल्फ आलाच पाहिजे. हे कितपत खरे, खर्च किती येतो आणि बाहेरून आलेल्या माणसाचे तेथील आयुष्य कसे असते, असे आपण विचारले आहे. मी दुबईत राहतो, गोल्फ येथेच शिकलो आणि आजही बेताचाच खेळतो. तेव्हा माझे मत एका हौशी खेळाडूचे समजून वाचावे.

ओळखींसाठी म्हणून गोल्फ शिकू नका. मोकळ्या हवेत चालण्याची आणि एकाच फटक्यावर महिनोन्महिने डोके लढवण्याची आवड असेल तर जरूर शिका, मात्र पहिल्या वर्षी कोणत्याही क्लबचे वार्षिक सभासदत्व घेऊ नका. असे का म्हणतो ते समजण्यासाठी हा खेळ येथे कसा आला आणि कोणाच्या जिवावर चालतो, हे थोडे पाहावे लागेल.

1988 पूर्वी दुबईत गोल्फ होता, पण गवत नव्हते. तेल कंपन्यांत आणि बँकांत नोकरीला आलेली ब्रिटिश व अमेरिकी माणसे चक्क वाळूत खेळत. फेअरवे (चेंडू मारत पुढे न्यायचा मार्ग) म्हणजे खुणा करून आखलेला वाळूचा पट्टा, आणि ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या) जागी ‘ब्राउन’, म्हणजे तेल मिसळून दाबून घट्ट केलेल्या वाळूचे वर्तुळ. खेळाडू कृत्रिम गवताचा एक छोटा तुकडा बरोबर बाळगत, फेअरवेवर चेंडू थांबेल तेथे तो अंथरत, त्यावर चेंडू ठेवून फटका मारत, आणि होल (एका भोकापर्यंतचा खेळ) संपल्यावर ब्राउनवरचे स्वतःच्या पावलांचे ठसे पुसून मगच पुढे जात. अबू धाबीच्या विमानतळाजवळील अल गझल येथे 2004 मध्ये वाळूवरील गोल्फची जागतिक स्पर्धासुद्धा भरली होती. हा प्रकार हास्यास्पद वाटेल, पण मला तो या वाळवंटाशी सर्वांत प्रामाणिक वाटतो.

1988 मध्ये एमिरेट्स गोल्फ क्लबचे मजलिस मैदान खुले झाले. कार्ल लिटन या अमेरिकी आरेखकाने ते आखले, आणि संपूर्ण गवताचे, मोठ्या स्पर्धेच्या दर्जाचे असे हे आखातातील पहिले मैदान ठरले. अबू धाबीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सगळीकडे उघडे वाळवंट आणि मधोमध बेदुईनांच्या (वाळवंटातील भटक्या टोळ्यांच्या) तंबूंच्या आकाराचे क्लबहाऊस, असे त्या काळच्या छायाचित्रांत दिसते. पुढच्याच वर्षी तेथे डेझर्ट क्लासिक ही स्पर्धा सुरू झाली. पहिला विजेता मार्क जेम्स. सेवे बायेस्तेरोस, एर्नी एल्स, टायगर वूड्स हे सगळे नामवंत खेळाडू तेथे जिंकले आहेत, रोरी मॅकिलरॉयने व्यावसायिक म्हणून पहिले विजेतेपद 2009 मध्ये तेथेच मिळवले, आणि अलीकडे तर स्पर्धेच्या नावाच्या आरंभी आपली ‘हिरो’ कंपनी आहे. आज त्या मैदानाच्या आठव्या होलच्या टीवर (पहिला फटका मारण्याच्या जागेवर) उभे राहिले की समोर उंच मनोऱ्यांची सलग भिंत दिसते. 1975 मध्ये दुबईची लोकसंख्या सुमारे 1.83 लाख होती, 2024 अखेर ती 38 लाखांच्या वर गेली. ही वाढ आकड्यांपेक्षा त्या टीवर लवकर ध्यानात येते.

एवढा खटाटोप कशासाठी केला, याचे उत्तर खेळात शोधून सापडणार नाही. 2004 मध्ये टायगर वूड्सने बुर्ज अल अरब या हॉटेलच्या हेलिपॅडवरून समुद्राच्या दिशेने चेंडू मारला. ती उघड उघड शहराची जाहिरात होती आणि ती उत्तम जमली. 2002 मध्ये परदेशी नागरिकांना ठरावीक वसाहतींत मालकी हक्काने घर घेण्याची मुभा मिळाली, तेव्हापासून गोल्फचे मैदान हा बांधकाम व्यवसायाचाच भाग झाला. एमिरेट्स हिल्स, अरेबियन रँचेस, जुमेरा गोल्फ इस्टेट्स, दमाक हिल्स या वसाहतींचा नकाशा पाहिला तर घरे मैदानाभोवती कशी गुंफली आहेत हे कळते. खिडकीतून हिरवळ दिसते म्हणून घराला जास्त भाव येतो, आणि तेथे राहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आयुष्यात कधी गोल्फची काठी हातात धरलेली नसते. त्यामुळे बाजार पडला की मैदानेही अडतात. टायगर वूड्सच्या नावाने जाहीर झालेला प्रकल्प 2008च्या मंदीनंतर अर्धवट राहिला. जुमेरा गोल्फ इस्टेट्समध्ये पृथ्वी, अग्नी, जल आणि वायू अशा नावांची चार मैदाने व्हायची होती, त्यांपैकी पृथ्वी आणि अग्नी ही दोनच झाली. आपण बांधकाम क्षेत्रात येत आहात, तेव्हा ही चढउतार आपल्या पगाराशीही जोडलेली आहे, हे मुद्दाम लिहितो.

हिरवळ टिकते ती पाण्यावर, आणि हे पाणी आकाशातून येत नाही. सुरुवातीला मैदानांना समुद्राचे गोडे केलेले पाणी दिले जाई. आता बहुतेक ठिकाणी शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरतात. उन्हाळ्यात बर्म्युडा किंवा खारे पाणी सहन करणारे पास्पॅलम गवत तग धरते. थंडीत बर्म्युडा सुस्तावते आणि पिवळे पडते, म्हणून अनेक मैदाने सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस बंद ठेवून त्यावर राय गवताचे बी पेरतात. ही सगळी कामे करणारी माणसे आपल्याला क्वचितच दिसतात. खेळायला येणाऱ्या चौघांचा पहिला गट, म्हणजे पहिली चौकडी, टीवर येण्याआधी अंधारातच गवत कापणारी यंत्रे फिरून गेलेली असतात, बंकर (मैदानातले वाळूचे खड्डे) दाताळ्यांनी विंचरलेले असतात. आणि ही माणसे मुख्यतः भारत, नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तानातील असतात, सोनापूर किंवा अल कूजकडील कामगार वस्तीत एका खोलीत अनेकजण राहतात. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. मात्र सकाळी दहा वाजता ऊन कमी असते, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या मुलीला हे शहर दाखवताना मनोऱ्यांबरोबर हेही दाखवावे, असे मला वाटते.

मैदानावर आपल्याकडचे काही भेटतेच. माझ्या नेहमीच्या मैदानावर एका टीच्या कडेला, खडीत, टिटवीच्या जोडीने अंडी घातली होती. कर्मचाऱ्यांनी भोवती चार खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. तरी प्रत्येक खेळाडू टीवर उभा राहिला की मादी अंगावर धावून येई आणि नर डोक्यावर घिरट्या घालत ओरडे. शांततेचा आग्रह धरणाऱ्या या खेळात त्या काळात त्या होलवर कोणाचाही पहिला फटका धड बसत नव्हता आणि कोणी तक्रारही करत नव्हते.

आता खर्चाकडे वळतो. येथील दर ऋतूवर ठरतात. नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम. त्या काळात शनिवारी-रविवारी सकाळी मजलिससारख्या मैदानावर एका राउंडला (अठरा होलच्या एका फेरीला) हजार दिरहमपेक्षा जास्त पडतात, आणि एक दिरहम म्हणजे आपले वीस रुपयांहून अधिक. उन्हाळ्यात तेच दर निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात. पण जुलैमध्ये गाडीच्या गारव्यातून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते आणि हातमोजा तिसऱ्या होलपर्यंत ओला होतो, म्हणून लोक उजाडताच खेळून घेतात किंवा रात्री दिव्यांच्या प्रकाशात खेळतात. एमिरेट्स क्लबचे फाल्डो मैदान अठराही होल प्रकाशझोतात आहे. क्रीकच्या (खाडीच्या) काठी शिडांच्या आकाराचे क्लबहाऊस असलेल्या दुबई क्रीक क्लबात (वीस दिरहमच्या नोटेवर हेच चित्र आहे) छोटे नऊ होलचे मैदानही रात्री चालते, आणि नवशिक्याने तेथूनच सुरुवात करावी. पुण्यात येरवड्याला खेळून आलेल्यांना एक गोष्ट खटकते : येथे कॅडी (खेळाडूचे सामान वाहणारा मदतनीस) नसतो. बगीत (मैदानावरच्या छोट्या गाडीत) बसून जायचे, तिच्या पडद्यावर अंतर वाचायचे आणि चेंडू स्वतःच शोधायचा. वाऱ्याचा आणि उताराचा अंदाज सांगणारा, आपली चूक आपल्याआधी ओळखणारा तो जाणता माणूस मला आजही आठवतो, कारण सुट्टीत पुण्यात खेळतो तेव्हा तो असतो.

ओळखींचे म्हणाल तर त्या होतात, नाही असे नाही. एकट्याने वेळ घेतली की तीन अनोळखी माणसांबरोबर खेळावे लागते, आणि चार-साडेचार तास एकत्र काढल्यावर माणूस कसा आहे हे बैठकीपेक्षा चांगले कळते. बांधकाम, विमान कंपन्या आणि बँकांतील ब्रिटिश, आयरिश, दक्षिण आफ्रिकी तसेच कोरियन मंडळी या वर्तुळात जास्त भेटतात. परंतु ही ओळख टिकत नाही, आणि यात कोणाचा दोष नाही. माझ्या पहिल्या चौकडीतील आयरिश गृहस्थ प्रकल्प संपताच मायदेशी गेले, कोरियन सद्‌गृहस्थांची बदली झाली, तिसरे रियाधला जास्त पगारावर गेले. नोकरीचे काम गोल्फवर मिळाल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. वरिष्ठ माणसे खेळतात म्हणून खेळणारा वरिष्ठ होतो, असा गैरसमज मात्र पुष्कळ पाहिला आहे.

ही ये-जा येथील कायद्यातूनच येते. आपला निवासी परवाना नोकरीला बांधलेला असतो आणि पत्नी-मुलीचा आपल्याला. नोकरी सुटली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची किंवा निघायचे. कितीही वर्षे राहिले तरी सामान्य माणसाला नागरिकत्व मिळत नाही. 2019 पासून सुवर्ण व्हिसा (दीर्घ मुदतीचा निवासी परवाना) आला, पण त्यासाठी 20 लाख दिरहमची मालमत्ता किंवा विशेष पात्रता असावी लागते. आयकर नाही, दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचे आणि पुढे 30 दिवसांचे मूळ वेतन मिळते. हे सारे चांगले आहे. पण घरभाडे बहुधा वर्षभराच्या आगाऊ तारखांच्या धनादेशांनी द्यावे लागते, वीज-पाण्याच्या बिलात भाड्याच्या 5 टक्के पालिकेचे शुल्क येते आणि शाळेची फी सगळा हिशोब उलटवू शकते. सीबीएसईच्या शाळा ब्रिटिश शाळांपेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत आणि त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा रुजू होण्याची तारीख ठरवताना ते पाहा.

मराठी कुटुंबाच्या खऱ्या ओळखी येथे दुसरीकडे होतात. मंडळाचा गणपती, मुलांच्या शाळेची बस, मोकळ्या जागेवरचे टेनिस बॉलचे क्रिकेट, अल आदिल या भारतीय किराणा दुकानात भाजणीच्या फळीपुढे उभे असलेले अनोळखी पण चेहऱ्यावरून ओळखू येणारे दांपत्य : पत्नीला पहिल्या सहा महिन्यांत याचाच आधार वाटेल. रत्नागिरी-रायगडकडची मुस्लिम कुटुंबे आखातात दोन-तीन पिढ्या आहेत. घर, गाडी, डॉक्टर या बाबतींत त्यांच्याइतका भरवशाचा सल्ला मला कोणाकडून मिळालेला नाही. 2022 पासून सुट्टी शनिवार-रविवारी झाली आहे, आणि शनिवारची सकाळ गोल्फला दिली की अर्धा दिवस संपतो, याचाही विचार घरात आधीच व्हावा.

तरीही शिकायचे ठरले तर थंडीच्या सुरुवातीला एखाद्या ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या जागी) प्रशिक्षकाकडून सामूहिक शिकवणी घ्या, मग रात्रीचे नऊ होल खेळा, आणि हात बसल्यावर एमिरेट्स गोल्फ फेडरेशनकडील हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा) मिळवा. काही मैदाने त्याशिवाय खेळू देत नाहीत. जानेवारीत डेझर्ट क्लासिकला आणि नोव्हेंबरमध्ये जुमेरा गोल्फ इस्टेट्समधील मोसमाच्या अखेरच्या स्पर्धेला स्वयंसेवक लागतात. प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीच्या आतून मोठे खेळाडू पाहण्याचा हा फुकट मार्ग आहे. पुण्याहून गोल्फच्या काठ्यांचा नवा सेट मात्र आणू नका. डुबिझल या जाहिरातींच्या संकेतस्थळावर वापरलेले सेट नेहमीच विकायला असतात, आणि ब्रिटिश शाळांचे वर्ष संपते त्या जून महिन्यात तर त्यांची रीघ लागते. परत निघालेल्यांना सामान हलवण्याची घाई असते, त्यामुळे फारशी घासाघीस न करताही किंमत उतरते.