रॅनेट्रा पाळायचा विचार असेल तर

पहिल्यांदाच रॅनेट्रा पाळणार असाल तर टाकीच्या शोभेपेक्षा तिच्यातल्या काड्यांचा विचार आधी करा. काडीसारखा दिसणारा हा पाणविंचू, म्हणजे पाण्यातला एक कीटक, पोहण्यात कच्चा असतो. मधल्या आणि मागच्या पायांनी देठ धरून, डोकं खाली करून तो दबा धरून बसतो आणि शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेतो. म्हणून पाणी उथळ ठेवा, काड्या पृष्ठभागापर्यंत पोचू द्या.

ती नळी म्हणजे नांगी नव्हे. भिंगातून बघा, दोन अर्धे पन्हळ जुळून ती झालेली दिसेल. चावा बसतो तो सोंडेचा, आणि तो चांगलाच झोंबतो. तेव्हा हाताने न धरता जाळीनेच उचला.

खाणं जिवंत द्या. डासांच्या अळ्या उत्तम. अळी टप्प्यात आली की पुढचे पाय चाकूच्या पात्यासारखे मिटतात, मग सोंड खुपसून आतला रस शोषला जातो. हे एकदा तरी शांतपणे बघाच! छोटे मासे, बेडकाची पिल्लं सोबत ठेवू नका. दोन रॅनेट्राही एकत्र नकोत, एकमेकांना खातात. झाकण हवंच, कारण प्रौढ उडू शकतात.

आणि कुजकी देठं टाकून देण्याआधी नीट तपासा. मादी अंडी देठात खुपसते. प्रत्येक अंड्याचे दोन बारीक तंतू तेवढे बाहेर दिसतात. असं देठ सापडलं तर वेगळ्या भांड्यात, पाण्यातच ठेवा.