'पॅरामेट्रिक' खिडकीला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: इमारतींचे आराखडे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे बदलले की आपोआप बदलणाऱ्या खिडक्या आणि दारे असतात. अशा 'पॅरामेट्रिक' खिडकीला 'सानुकूल खिडकी' म्हटले तर चालेल का? आणि तिच्यासोबत येणाऱ्या फॅमिली, टाइप, इन्स्टन्स, जॅम्ब, सिल या शब्दांचे काय करायचे?

'सानुकूल' घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा शब्द मुळात अनुकूल, प्रसन्न या अर्थाचा. दैव सानुकूल असते, ग्रह सानुकूल असतात. संगणकाच्या मराठीत तो 'आपल्या सोयीने बदललेला' या अर्थाने रुळला आणि पडद्याची मांडणी, रंग, अक्षरांचा आकार अशा गोष्टींपुरते त्याने कामही भागते. पण पॅरामेट्रिक हा शब्द सोयीबद्दल काही बोलतच नाही. खिडकी कोणाच्या आवडीने बदलते हे त्याला सांगायचे नाही, कशाच्या आधाराने बदलते हे सांगायचे आहे.

एक खिडकी समोर धरू. रुंदी १२०० मिलिमीटर, दोन झडपा, चौकटीच्या पट्टीची जाडी ६०. दोन्ही बाजूंचे ६०-६० वजा केले की १०८० उरतात, म्हणजे एकेक झडप ५४० ची. आता खिडकी १५०० ची हवी आहे. नुसते चित्र धरून ताणले, तर सगळेच सव्वापट होते आणि चौकटीची पट्टीही ७५ ची होऊन बसते. तशी पट्टी कोणी मागितलेलीच नव्हती. पॅरामेट्रिक खिडकीत मात्र पट्टी ६० चीच राहते आणि झडप ६९० ची होते, कारण आत एक सूत्र लिहून ठेवलेले असते: एकूण रुंदीतून दोन पट्ट्या वजा करा आणि झडपांच्या संख्येने भागा. रुंदी १८०० करून झडपा तीन केल्या, तर तेच सूत्र ५६० देते. सरकत्या खिडकीत झडपा एकमेकींवर थोड्या चढतात, तिथे त्या चढीचे माप सूत्रात मिळवावे लागते. ताणलेली खिडकी आणि सूत्राने बदललेली खिडकी यांतला हा फरक ज्या शब्दातून दिसेल, तो शब्द आपल्याला हवा.

गणित आणि संख्याशास्त्राच्या मराठीत पॅरामीटरला 'प्रचल' किंवा 'प्राचल' म्हणतात. त्यावरून 'प्राचलिक खिडकी' हा शब्द शास्त्रशुद्ध आहे आणि पाठ्यपुस्तकात तोच असावा. रोजच्या बोलण्यासाठी मी 'मापाधीन' सुचवतो. पराधीन, दैवाधीन यांच्या पंक्तीतला असल्याने तो ऐकताक्षणी कळतो: जिचे रूप मापांच्या अधीन आहे ती. मूळ ग्रीक शब्दातही 'मेट्रोन' म्हणजे मापच आहे. याला एक मर्यादा आहे. काचेचा प्रकार किंवा 'जाळी आहे की नाही' हेही पॅरामीटरच असतात आणि ती मापे नव्हेत. जिथे अशा गोष्टींची चर्चा असेल तिथे 'प्रचल' वापरावा.

आता भागांची नावे. इथे नवे शब्द घडवायची गरजच नाही, इतकी भाषा श्रीमंत आहे. चौकट म्हणजे चार काष्ठे, चतुष्काष्ठ. उभ्या दोन बाह्या, वर कपाळपट्टी, खाली उंबरा. जॅम्बला 'बाही' हा नेमका शब्द असताना 'बाजूचा खांब' असे लिहिलेले मी वाचतो तेव्हा फार वाईट वाटते. आता गंमत पाहा: सॉफ्टवेअरमधल्या दाराची चौकट बहुधा तीनच तुकड्यांची असते, चौथा उंबरा 'हवा की नको' अशा स्वतंत्र प्रचलाने येतो. खिडकीची चौकट मात्र चारही काठांची, नावाप्रमाणे. पॅनेलला दार-खिडकीपुरते 'झडप' म्हणावे, 'फलक' नव्हे. काचेला तावदान. हा शब्द फारसी 'ताबदान'वरून आला, 'ताब' म्हणजे तेज. एका झडपेत चार तावदानेही असू शकतात, म्हणून या दोन्हींची गल्लत करू नये.

खिडकीच्या सिलचे, म्हणजे तिच्या खालच्या कडेचे, भाषांतर 'उंबरठा' करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. एका शिकवणीच्या मजकुरात मी 'उंबरठ्याची उंची ९०० मिमी' असे वाचले होते. बोलत होते खिडकीबद्दल, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कमरेएवढा उंबरठा असलेले दार उभे राहते. जमिनीपासून खिडकीच्या तळापर्यंतचे ते अंतर, त्याला सरळ 'तळ-उंची' म्हणावे आणि वरच्या कडेच्या अंतराला 'माथा-उंची'. तळ-उंचीत खिडकीची उंची मिळवली की माथा-उंची, हे नात्यासकट लक्षात राहते.

फॅमिली हा रेव्हिट या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमधला शब्द. त्याला 'कुटुंब' म्हटले की अर्थ भलतीकडे जातो. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत फॅमिलीला 'कुल' म्हणतातच, तोच इथे चपखल बसतो. टाइपला 'प्रकार' आणि इन्स्टन्सला 'नग'. दोन झडपांची सरकती खिडकी हे कुल, १२०० बाय १२०० हा तिचा प्रकार, आणि आराखड्यात ठिकठिकाणी बसवलेला एकेक नग. प्रकाराचे प्रचल बदलले की त्या प्रकारचे सगळे नग बदलतात, नगाचे बदलले की तेवढाच. रुंदी सहसा प्रकाराकडे असते, तळ-उंची नगाकडे.

क्रियापदांकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटतात. इमारतीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी आयएफसी ही मांडणी आहे, आयएसओ १६७३९ हे तिचे मानक. तिच्यात भिंत, भिंतीतली मोकळी जागा आणि खिडकी या तीन वेगळ्या वस्तू आहेत: मोकळी जागा भिंतीला पोकळ करते, खिडकी ती पोकळी भरते. आपण हे दोन टप्पे कधीपासून वेगळे बोलतो! भिंतीत खिडकी 'पाडतात' आणि मग खिडकी 'बसवतात'. मेन्यूतले 'घाला' ही दोन्ही कामे एकदम करते आणि 'पुसा' दोन्ही उलटवते. एकाच 'घाला'ऐवजी ही दोन क्रियापदे वापरली, तर खिडकी पुसल्यावर भोक का बुजते हे शिकणाऱ्याला वेगळे समजवावे लागणार नाही.

राहिले 'डावे दार' आणि 'उजवे दार'. आयएफसीत डावे म्हणजे ज्याच्या बिजागऱ्या ठरलेल्या दिशेने पाहताना डावीकडे येतात ते. बोलताना मात्र कोणी बिजागरी धरतो, कोणी कडी. म्हणून नुसते 'डावे' लिहू नये, 'डाव्या बिजागरीचे दार' असे लिहावे आणि कोणत्या बाजूने पाहायचे तेही त्याच ओळीत सांगावे.