हिवाळ्यात बागकामाची अवजारे आणि साहित्य कसे साठवून ठेवावे?

बागकाम काही महिने थांबणार असेल, तर अवजारे स्वच्छ, पूर्ण कोरडी आणि तेलाचा हात फिरवून ठेवावीत. खुरपे, कुदळ, फावडे यांना चिकटलेली माती ओलावा धरून ठेवते आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून ती खरवडून, अवजार धुऊन-पुसून, असलेला गंज तारेच्या ब्रशने काढावा, कानशीने धार लावावी आणि पात्यावर तेलाचा पातळ थर द्यावा. छाटणीची कात्री तेल लावण्यापूर्वी 70 टक्के अल्कोहोलने पुसावी, म्हणजे रोगट फांद्यांचा संसर्ग पुढील हंगामात पसरत नाही.

लाकडी दांड्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि ते योग्य नव्हे. दांडा पॉलिश कागदाने घासून त्यात जवसाचे तेल मुरवल्यास तो सहसा तडकत नाही. मात्र या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये; तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात.

जिथे थंडी शून्य अंशाखाली जाते, तिथे पाण्याची काळजी सर्वांत महत्त्वाची ठरते, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के प्रसरण पावते आणि नळी, फवारणी पंप किंवा मातीची ओली कुंडी फोडते. हे सर्व रिकामे करून कोरड्या जागी ठेवावे. द्रवरूप औषधे गोठणार नाहीत अशा जागी, मूळ बाटलीत आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. बियाणे हवाबंद बरणीत ठेवावे.