दोन एकर द्राक्षबागेला प्रशिक्षणाचा खरंच उपयोग होतो का?

"दिंडोरीकडे दोन एकर बाग आहे. प्रशिक्षणाला जाऊन काही फरक पडतो की नुसता चहा-नाश्ता?" असं विचारलंय तुम्ही. माझी निफाड तालुक्यात दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग. सहा-सात वर्षं जातोय. फरक पडतो, पण भावात नाही, खर्चात.

आधी आमचा सल्लागार म्हणजे औषधाचा दुकानदार. आभाळ आलं की त्याला फोन, तो देईल त्या बाटल्या, तेही उधारीवर. शेतीशाळेत डोक्यात बसलं की डाऊनी रोगासाठी पान किती वेळ ओलं राहिलं ते बघायचं, ढग बघून पंप काढायचा नाही. पहिल्याच हंगामात फवारण्या कमी झाल्या. दुकानदार अजून नीट बोलत नाही.

दुसरी गोष्ट खरड छाटणीची. आम्ही सगळा जीव ऑक्टोबरच्या, फळासाठीच्या गोडी छाटणीला लावायचो आणि एप्रिलची खरड छाटणी उरकून टाकायचो. पण पुढच्या हंगामाचा घड ठरतो तो खरड छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कळीच्या, आत. तेव्हा पाणी आणि युरिया सढळ हातानं सोडलं की काडी जोरात वाढते आणि ऑक्टोबरात घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा, निघते. आम्ही दरवर्षी हवामानाला शिव्या द्यायचो!

२०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत सीसीसी या रसायनाचे अंश सापडले, माल नाकारला गेला. शेंडा थांबवायला ते मारलं जायचं. त्यानंतर अंश आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस हे विषय गावातल्या बैठकीतही आले.

आता खटकणारं. एकदा कार्यक्रम ठेवला ऐन गोडी छाटणीत, तोही हॉलमध्ये, स्लाइड दाखवत. आणि घडातले जादा मणी काढून विरळणी करणाऱ्या बायांना कुणी बोलावत नाही. घडात किती मणी ठेवायचे हे कात्री धरणारीला कळायला हवं, मला कळून काय उपयोग? तिसऱ्या वर्षी मी बायकोला आणि टोळीच्या मुकादम बाईला घेऊन गेलो. पुढच्या मालातल्या घडांचा आकार बघून व्यापाऱ्यानं विचारलं, टोळी बदलली का?

गारपीट आणि पैसे बुडवून पळणारा व्यापारी, यांवर मात्र कुठल्याच प्रशिक्षणात इलाज मिळाला नाही.

जाणार असाल तर बागेत भरणारा वर्ग शोधा. सप्टेंबरात गेलात तर आपल्या चार काड्या सोबत न्या. डोळे तपासून कितव्या डोळ्यावर छाटायचं ते सांगतात.