वाचक विचारतात: विमान पडल्यानंतरची थरारकथा

प्रश्न (हुक्केरी): हवाई दलाच्या अपघात तपासावर कादंबरी लिहितो आहे. लढाऊ विमान हिडकल धरणात कोसळतं. नायक काठावर उभा राहून ब्लॅक बॉक्सची टिकटिक ऐकतो, पेटी बाहेर काढून उन्हात वाळवतो आणि लॅपटॉपला जोडतो. चालेल का?

उत्तर: नाही. उन्हात वाळवायचा प्रसंग तर आधी काढा. पाण्यातला रेकॉर्डर, म्हणजेच ब्लॅक बॉक्स, वर आला की तो स्वच्छ गोड्या पाण्याच्या डब्यात बुडवूनच प्रयोगशाळेत नेतात. ओल्या जोडांना हवा लागली की गंज झपाट्याने चढतो, आणि ओल्या सर्किटला वीज दिली तर शॉर्ट होऊन नोंदी कायमच्या जाऊ शकतात. प्रयोगशाळेत आतली मेमरी बाहेर काढून धुतात, मंद उष्णतेवर सुकवतात, सूक्ष्मदर्शकाखाली जोड तपासतात. केबल चिरडली असेल तर नवी लावतात. वीज पहिल्यांदा देतात ती त्यानंतर. तुमचा थरार त्या टेबलाशी आहे, तिथे चार पानं जास्त खर्च करा.

टिकटिकही कानाला ऐकू येणार नाही. पाण्यात पडताच सुरू होणारा बीकन, म्हणजे पेटीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र, ३७.५ किलोहर्ट्‌झवर वाजतो, माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो. पाण्यात सोडायचा मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, लागेल. बीकनची बॅटरी पूर्वी ३० दिवसांची असे, नव्या प्रकारात ९० दिवसांची. शिवाय प्रत्येक लढाऊ विमानात बीकन असतोच असं धरू नका. आणि नाव ब्लॅक बॉक्स असलं तरी पेटी भडक नारिंगी रंगवा.

प्रश्न (खानापूर): विमान शेतात पडलं तर तपास पथक आधी काय करतं?

उत्तर: आधी जीव सांभाळतं. वैमानिक बाहेर पडला नसेल तर त्याला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटखालची स्फोटक काडतुसं आणि रॉकेट जिवंत असतात. जाणकार तंत्रज्ञ ती उडू नयेत म्हणून सेफ्टी पिना लावेपर्यंत कॉकपिटजवळ कुणालाच सोडत नाहीत. जळलेल्या कार्बन फायबरची धूळ फुफ्फुसात जाते, म्हणून तोंडाला मास्क.

मग चार टोकं शोधायची: नाक, शेपूट, दोन्ही पंखांची टोकं. चारही एकाच ठिकाणी सापडली तर विमान बहुधा अखंड खाली आलं. एखादं टोक दोन शिवारं अलीकडेच पडलेलं दिसलं, तर हवेतच काहीतरी तुटलं. हलके तुकडे वाऱ्याबरोबर लांब जातात, तेव्हा नकाशावर वाऱ्याची दिशाही मांडा. एक तुकडा खानापुरात आणि दुसरा चंदगडात, असं दाखवायला हरकत नाही. २८ जानेवारी २०२३ ला सुखोई आणि मिराज या लढाऊ विमानांच्या अपघातात अवशेष मध्य प्रदेशातल्या मुरैनात आणि राजस्थानातल्या भरतपूरमध्ये पडले होते. लष्करी विमानाची चौकशी मात्र हवाई दलाची कोर्ट ऑफ इन्क्वायरी करते, नागरी तपास संस्था नव्हे.

प्रश्न (बेळगाव): इंजिन आधीच बंद पडलं होतं हे रेकॉर्डरशिवाय कळतं का?

उत्तर: बरंचसं कळतं. जमिनीवर आपटताना इंजिनाचा पंखा वेगात फिरत असेल तर पाती फिरण्याच्या उलट दिशेला सगळीकडून वाकतात. थांबलेला किंवा रेंगाळत फिरणारा असेल तर जिथे मार बसला तिथलीच वाकतात. तुटलेल्या पात्यावर शिंपल्यासारख्या कमानदार रेषा दिसल्या तर ती भेग बरेच दिवस हळूहळू वाढत होती. खडबडीत, निस्तेज भाग मात्र एका झटक्यात तुटलेला.

नायकाला तुटलेल्या दोन कडा जुळवून बघू देऊ नका. घासल्या की त्या रेषा पुसल्या जातात आणि धातुतज्ज्ञाच्या हाती काहीच उरत नाही.