जोत्यातली मुरूम भरणी: दर कशावर ठरवायचा, दबाई कशी तपासायची

तुमचं जोतं 1000 चौरस फूट, उंची 3 फूट. ठेकेदार म्हणतोय, 'मुरूम टाकू, पाणी सोडू, एक पावसाळा खाल्ला की आपोआप बसतं', आणि दर टिपरमागे. दोन्हीला नाही म्हणा.

आधी हिशोब. 1000 × 3 = 3000 घनफूट, म्हणजे 30 ब्रास (1 ब्रास = 100 घनफूट). हे झालं दाबलेलं माप. टिपरमधला मुरूम सैल असतो, दाबल्यावर साधारण पाचवा हिस्सा बसतो. आणावा लागेल 37-38 ब्रास. टिपरवर दर असला की टिपर कमी भरून येतात आणि दबाईचे पैसे कुणी धरलेलेच नसतात. दर दाबलेल्या मापावर ठरवा. मात्र मग सैल भरून माल वाचवणं त्याच्या फायद्याचं होतं, म्हणून चाचणीची अट सोबत हवीच: नापास थर त्याच्या खर्चाने उकरून पुन्हा.

पाणी सोडून वाळू बसते, मुरूम नाही. त्यात मातीचा अंश असतो. वरचा थर चिकटून घट्ट होतो, खाली ढेकळांमधल्या पोकळ्या तशाच राहतात. लादी बसवल्यावर वर्ष-दोन वर्षांनी भिंतीलगत फट पडते ती यामुळे.

पद्धत अशी. जोत्याच्या भिंतीवर आतून दर 6 इंचांवर चुन्याची रेघ मारून घ्या. सैल थर 8 इंचांपेक्षा जाड नको, दाबून तो रेघेपर्यंत येईल. एकूण 6 थर. ओलावा मुठीत बघायचा: मुरूम आवळला की गोळा व्हावा, खाली टाकला की दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, तळहात ओला झाला तर जास्त. जास्त असेल तर मुरूम पसरून सुकू द्या. ओल्यावर कितीही ठोका, तो नुसता हलतो.

मधल्या भागात छोटा रोलर किंवा प्लेट (थरथरून दाबणारं सपाट यंत्र) चालेल, पण प्लेटला सैल थर 6 इंचांचाच ठेवा. कोपरे, कॉलमभोवतीचे खड्डे आणि ड्रेनेजच्या चऱ्या यांना उडी मारणारा रॅमर किंवा हाताची धुम्मस लागते. नेमकं तिथेच काम सोडलं जातं, त्यामुळे तपासणी तिथूनच सुरू करा. ताज्या भिंतीला खेटून जड रोलर नको, भिंत बाहेर फुगते.

चाचणी: मुरूम ठरला की आधी प्रयोगशाळेत प्रॉक्टर चाचणी करून घ्या; तो जास्तीत जास्त किती घट्ट दाबला जातो ते त्यातून कळतं. जागेवर खडे असलेल्या मुरमासाठी वाळू भरून घनता काढायची पद्धत वापरतात (आयएस 2720, भाग 28). समजा ओली घनता 2.10 (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) आली आणि ओलावा 10 टक्के. कोरडी झाली 1.91. प्रॉक्टरची कमाल 1.98 असेल तर 96 टक्के, पास. 95 च्या खाली घेऊ नका. 12 मिलिमीटरची सळई हाताने दाबून बघणं रोजच्या अंदाजापुरतं ठीक, ती 3-4 इंच सहज गेली तर पुढचा थर थांबवा.

पाया खोदताना निघालेली काळी माती जोत्यात परत टाकू देऊ नका. वाहतूक वाचवायला टाकतातच, आणि पाण्याने फुगून ती फरशी उचलते. राडारोड्याचंही तेच, त्यात लाकूड-गोणपाट कुजून पोकळी होते. मुरमाची रॉयल्टी (सरकारी खनिज शुल्क) भरल्याची पावती प्रत्येक खेपेला घ्या.

शेवटचा थर पास झाल्यावर वाळवीची फवारणी, मग सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट). ड्रेनेजचे पाइप मात्र त्याआधीच टाकून घ्या, नाहीतर प्लंबर तीच भरणी पुन्हा उकरेल.